इंग्लंडच्या व्यापाऱ्याचा पोरगा मराठी ओवीपर्यंत कसा पोचला? फादर थॉमस स्टीफन्स यांच्या पाचारणाची गोष्ट

आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातल्या माणसाला गोवा काही लांब नाही. आंबोलीचा नाहीतर तिलारीचा घाट उतरला की गोव्याची वाट लागते. आपली भाजी तिकडं जाते, दूध जातं, पोरं कामाला जातात. याच गोव्यात साडेचारशे वर्षांपूर्वी एक इंग्रज तरुण जहाजातून उतरला. तो परत कधी मायदेशी गेला नाही. चाळीस वर्षं इथंच राहिला, इथली भाषा शिकला आणि मराठीत जवळपास अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ लिहून गेला. त्यांचं नाव फादर थॉमस स्टीफन्स. ग्रंथाचं नाव ख्रिस्तपुराण.

मराठीची थोरवी गाणारे फादर म्हणून शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी त्यांचं नाव ऐकलेलं असतं. पण हा माणूस मुळात घर सोडून निघाला कशासाठी, आणि आपली वाट हीच आहे हे त्याला कसं कळलं, हा भाग फारसा कुणी सांगत नाही. आज तोच बघू.

पाचारण म्हणजे काय?

आपल्या भागातल्या कॅथलिक घरांत हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. पाचारण म्हणजे बोलावणं. देव एखाद्याला संसाराच्या वाटेनं बोलावतो, एखाद्याला फादर, ब्रदर नाहीतर सिस्टर होऊन संघात राहायला बोलावतो, अशी ती श्रद्धा आहे. संघात जाणारा तीन व्रतं घेतो. स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही, लग्न करायचं नाही आणि संघातल्या वरिष्ठांची आज्ञा पाळायची.

पण बोलावणं खरं की आपल्याच मनाचा खेळ, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न फक्त ख्रिस्ती घरातला नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या वडिलांची, विठ्ठलपंतांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतोच. बायको घरी असताना ते काशीला जाऊन संन्यासी झाले. खरी गोष्ट कळल्यावर गुरूंनीच त्यांना परत संसारात पाठवलं. त्या एका निर्णयाचे चटके पुढं चारही लेकरांना बसले. म्हणजे घर सोडायची ओढ खरी असली, तरी ती पारखून घेणारं कुणीतरी लागतं. स्टीफन्स यांच्या आयुष्यात ही पारख कशी झाली, ते बघण्यासारखं आहे.

ज्या देशात पूजा करणं गुन्हा होता

थॉमसचा जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावचा. वडील व्यापारी. घरची परिस्थिती बरी होती, म्हणून पोराला विंचेस्टरच्या नावाजलेल्या शाळेत घातलं. तिथं लॅटिन पक्कं झालं. भाऊ रिचर्ड पुढं पॅरिसमध्ये धर्मशास्त्राच्या अभ्यासात रमला. थॉमसही शिकून चांगल्या जागी लागला असता.

पण काळ वेगळा होता. १५५८ साली पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की देशातली चर्चं रोमच्या पोपला मानणार नाहीत, राणीला मानतील. रविवारी सरकारी पद्धतीच्या उपासनेला गेलं नाही तर दंड. जुन्या कॅथलिक पद्धतीचा मिस्सा म्हणजे गुन्हा. पुढं तर कायदे इतके कडक झाले, की कॅथलिक धर्मगुरू सापडला तर फासावर जाई. १५८१ साली एडमंड कॅंपियन या नामांकित विद्वानाला लंडनमध्ये अशीच फाशी झाली. तेही येशूसंघाचे फादर होते.

अशा देशात कॅथलिक राहणं म्हणजे रोज जीव मुठीत. आणि धर्मगुरू व्हायचं म्हटलं, तर देश सोडण्याशिवाय इलाज नव्हता.

नोकराच्या वेशात

या काळात थॉमसची गाठ पडली थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत माणसाशी. पाउंड पूर्वी राणीच्या दरबारातला होता. नाचात, खेळात, झगमगाटात पुढं. असं सांगतात, की एका समारंभात नाचताना तो घसरून पडला आणि राणीनं भर दरबारात त्याचा पाणउतारा केला. त्या दिवशी त्याचं मन दरबारावरून उडालं. तो पुन्हा कॅथलिक रीतीनं जगायला लागला आणि अडचणीतल्या कॅथलिक लोकांना मदत करत फिरू लागला.

दोघांचं जमलं. स्टीफन्सनं पाउंडच्या नोकराचा वेश घेतला, म्हणजे कुणाला संशय यायला नको. जवळपास दोन वर्षं दोघं असे फिरले. येशूसंघाच्या फादरांची परदेशातून आलेली पत्रं त्यांच्या वाचनात येत. फ्रान्सिस झेवियर हे १५४२ साली गोव्यात आले होते आणि पूर्वेकडं खूप फिरले होते. हिंदुस्थानातल्या त्या कामाच्या हकिकती वाचून दोघांनी ठरवलं, की रोमला जायचं आणि येशूसंघात प्रवेश मागायचा.

निघायची तयारी झाली आणि पाउंड पकडला गेला. त्याला तुरुंगात टाकलं. आता स्टीफन्सपुढं प्रश्न उभा राहिला. सोबती आत, आपण बाहेर. थांबायचं की जायचं?

तो गेला. पण सोबत्याला विसरला नाही. रोममध्ये पोचल्यावर त्यानं संघाच्या वरिष्ठांकडं पाउंडसाठी रदबदली केली, की तो येऊ शकत नाही, पण त्याला तुरुंगात असतानाच संघात घ्यावं. १५७८ साली ही विनंती मान्य झाली आणि पाउंड तुरुंगातच येशूसंघाचा ब्रदर झाला. त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. राणी वारल्यावर तो सुटला आणि १६१५ साली आपल्या वाडवडिलांच्या घरात वारला. बोलावणं दोघांना एकच आलं होतं. एकाला ते समुद्रापार घेऊन गेलं, दुसऱ्याला कोठडीत राहून पाळावं लागलं.

पारख कशी करायची?

येशूसंघाची स्थापना केली स्पेनच्या इग्नेशियस लोयोला यांनी. ते आधी सैनिक होते. १५२१ साली लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहावं लागलं. करमणुकीला त्यांना शूरवीरांच्या गोष्टींची पुस्तकं हवी होती, पण घरात होती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्राची. पडल्यापडल्या त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. लढाई, मानमरातब, राजघराण्यातली बाई याची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचा विचार केला, की आनंद यायचा आणि तो नंतरही टिकून राहायचा.

यातूनच त्यांनी मन पारखायची पद्धत बसवली. ती आजही फादर-सिस्टर होऊ इच्छिणाऱ्यांना शिकवतात. त्यातल्या काही गोष्टी कुणाच्याही कामाला येतील अशा आहेत. मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, थांबायचं. एखादा अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आपल्याकडं आला तर त्याला काय सल्ला देऊ, याचा विचार करायचा. मरणाच्या दारात उभं असताना आपण आज काय ठरवायला हवं होतं असं वाटेल, हे डोळ्यांपुढं आणायचं. आणि एकट्यानं काही ठरवायचं नाही, जाणत्या माणसापुढं मन मोकळं करायचं.

रोममधली दोन वर्षं

२० ऑक्टोबर १५७५ रोजी स्टीफन्स रोममधल्या सांत आंद्रेआ या घरात दाखल झाले. वय पंचविशीच्या आसपास. येशूसंघात पहिली दोन वर्षं उमेदवारीची असतात. संघ माणसाला पारखतो आणि माणूस संघाला. तीस दिवस मौनात राहून प्रार्थना करायची. इस्पितळात रोग्यांची सेवा करायची. भिक्षा मागत यात्रा करायची. स्वयंपाकघरात भांडी घासायची, झाडलोट करायची. शिकलेला असो की श्रीमंताघरचा, कुणाला सूट नाही. या दोन वर्षांत कुणालाही वाटलं, की ही आपली वाट नाही, तर दार उघडं असतं. परत जाण्यात कमीपणा नसतो.

स्टीफन्स टिकले. पुढं रोममधल्या संघाच्या महाविद्यालयात शिकले. पण झेवियर यांच्या मागं जायची ओढ काही गेली नव्हती. आता मात्र नुसत्या इच्छेवर जमणार नव्हतं. आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं, वरिष्ठ पाठवतील तिकडं जायचं. त्यांनी मागणी केली आणि परवानगी मिळाली.

साडेसहा महिने पाण्यावर

४ एप्रिल १५७९ रोजी पोर्तुगालमधल्या लिस्बन बंदरातून पाच जहाजं निघाली. २४ ऑक्टोबरला स्टीफन्स गोव्यात उतरले. या प्रवासाचं सविस्तर पत्र त्यांनी पुढच्याच महिन्यात वडिलांना लिहिलं. वारा, होकायंत्र, पक्षी, मासे, सगळं त्यात आहे. खाण्यापिण्याची आबाळ होऊन लोकांच्या हिरड्या आणि पाय सुजत, तेही आहे. त्यांच्या जहाजावर दीडशेच्या वर माणसं आजारी पडली आणि २७ दगावली. त्या काळी हा आकडा कमीच समजत असत.

असं पत्र बापाच्या हातात पडल्यावर त्याला काय वाटलं असेल, याचा अंदाज ज्याचं पोरगं परगावी आहे त्याला येईल. त्या बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

१५८० साली गोव्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि साष्टी तालुक्यात काम नेमून दिलं. मडगाव, राचोल हा तो भाग. पुढची बहुतेक सगळी वर्षं त्यांनी याच भागात काढली.

कुंकळ्ळीचं रक्त

इथं एक कडू गोष्ट सांगावीच लागेल. त्या वेळी आपला कोल्हापूरचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. गोवा पोर्तुगिजांनी १५१० साली घेतला आणि साष्टी १५४३ साली त्यांच्याकडं गेली. त्यानंतर तिथली देवळं पाडली गेली, लोकांवर धर्मासाठी जबरदस्ती झाली. १५६० साली धर्मन्यायालय आलं, ज्याला आपण इन्क्विझिशन म्हणतो. या सगळ्याचा राग गावोगाव धुमसत होता.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी येशूसंघाच्या पाच जणांना ठार केलं. त्यात रोदोल्फो आक्वाविवा होते, जे आधी अकबर बादशहाच्या दरबारात राहून आले होते. त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती लोकही मारले गेले. नंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि दगा देऊन मारलं. मारल्या गेलेल्या फादरांची प्रेतं मिळवून आणायचं काम ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांत स्टीफन्स होते.

ज्या कामासाठी घर, देश, आईबाप सोडले, त्या कामाला असंही एक तोंड आहे हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. इथून माणूस कडवट होऊ शकतो, नाहीतर पळून जाऊ शकतो. स्टीफन्स राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी भाऊ रिचर्डला पत्र लिहिलं. त्यात इथल्या भाषांबद्दल ते आपुलकीनं लिहितात आणि या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असं नोंदवतात. ही गोष्ट युरोपातल्या पंडितांमध्ये गाजायला पुढं दोनशे वर्षं लागली.

चित्रकाराची गोष्ट

१५८३ च्या अखेरीला चार इंग्रजांना कैद करून गोव्यात आणलं. हेर असल्याचा संशय. त्यात राल्फ फिच हा व्यापारी होता आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. स्टीफन्स धावून गेले आणि त्यांना जामीन मिळायला मदत केली. हे लोक त्यांच्या पंथाचे नव्हते, तरी.

यातल्या स्टोरीचं पुढं काय झालं, ते आपल्या विषयाशी जुळणारं आहे. येशूसंघाच्या लोकांना चर्च रंगवायला चित्रकार हवा होता. स्टोरी सुटकेसाठी मठात गेला, संघात राहायला तयार झाला. पण थोड्याच दिवसांत त्याचा जीव तिथं रमेना. तो बाहेर पडला, शहरात दुकान टाकलं आणि लग्न करून गोव्यातच संसाराला लागला. कुणी त्याला अडवलं नाही. अडचणीतून सुटायला धरलेली वाट आणि आतून आलेलं बोलावणं यातला फरक असा काही दिवसांतच बाहेर पडतो. फिच मात्र १५८४ साली गोव्यातून निसटला आणि बेळगाववरून विजापूरकडं गेला. म्हणजे आपल्या चंदगडच्या शेजारूनच.

लोकांनी पुराण मागितलं

साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची एक अडचण होती. त्यांचे जुने ग्रंथ काढून घेतले होते, जाळले होते. पुराण ऐकत, ओव्या म्हणत मोठी झालेली माणसं ती. आता ऐकायला काय? प्रार्थनेची छोटी पुस्तकं होती, पण त्यानं पोट भरत नव्हतं. आमच्या भाषेत आम्हाला पुराण द्या, अशी त्यांची मागणी असल्याचं ख्रिस्तपुराणातच आलंय.

स्टीफन्स यांनी ती मागणी मनावर घेतली. मराठी आणि तिथली कोकणी दोन्ही त्यांनी मुळापासून शिकून घेतल्या. तिकडं पैठणला संत एकनाथ त्याच काळात होऊन गेले. त्याच ओवीची चाल या इंग्रज फादरांनी उचलली. बायबलची गोष्ट सांगताना स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, म्हणजे ऐकणाऱ्याला परकं वाटायला नको.

ग्रंथाचे दोन भाग. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या येण्याची वाट बघण्यापर्यंतची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. मिळून ९५ अध्याय. देवनागरी अक्षरांत छापावं अशी त्यांची इच्छा होती आणि १६०८ साली त्यांनी रोमला तसं लिहिलंही. पण जोडाक्षरं धरून शेकडो खिळे पाडावे लागणार होते. ते जमलं नाही. शेवटी १६१६ साली राचोलला रोमन लिपीत ग्रंथ छापला गेला. तेव्हा स्टीफन्स पासष्टीच्या पुढं होते. म्हणजे ज्या कामामुळं आज त्यांचं नाव राहिलंय, ते संघात शिरल्यावर चाळीस वर्षांनी लोकांच्या हातात पडलं. रोमला निघताना मराठी हा शब्द तरी त्यांच्या कानावर पडला असेल का?

१६१९ साली गोव्यातच त्यांचं निधन झालं. त्यांनी लिहिलेली प्रश्नोत्तरांची कोकणी पुस्तिका १६२२ साली आणि कोकणीचं व्याकरण १६४० साली छापलं गेलं. ख्रिस्तपुराण चर्चमध्ये वाचलं जायचं, लोकांना तोंडपाठ असायचं. पुढं १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. तरी हातानं नकलून काढलेल्या प्रतींतून ग्रंथ जगला. सुरुवातीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्दान्हा यांनी हस्तलिखितांवरून तो पुन्हा छापला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली देवनागरीत आला. पर्वरीला त्यांच्या नावानं कोकणी केंद्रही चालतं.

आपल्या घरातला प्रश्न

आपला कोल्हापूर जिल्हा आज सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत २००५ साली पुण्यापासून वेगळा झाला. इथल्या घरातूनही एखादा पोरगा बारावीनंतर म्हणतो, मला फादर व्हायचंय. एखादी मुलगी सिस्टर व्हायचं म्हणते. आईबापाच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या धर्माच्या घरात मुलगा सैन्यात, आश्रमात नाहीतर दूरच्या समाजकार्यात जायचं म्हणतो, तेव्हाही तेच होतं.

स्टीफन्स यांच्या आयुष्याकडं बघितलं तर घाईचं कारण दिसत नाही. त्यांनी दोन वर्षं बाहेर वाट बघितली आणि दोन वर्षं आत राहून बघितली. मग आणखी अभ्यास, मग दीक्षा. आजही फादर व्हायला बारावीनंतर बरीच वर्षं जातात आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारलं जातं. पोराला पहिल्या दिवशी नाही म्हणून ओढ मरत नाही, आणि हो म्हटलं म्हणून तो लगेच कायमचा गेला असंही होत नाही. त्याला विचारावं, की ही ओढ किती दिवसांची आहे? घरातल्या भांडणातून, नापास झाल्यामुळं, नोकरी नाही म्हणून आली आहे का? आनंद नंतरही टिकतो का? आणि परत यावंसं वाटलं, तर घराचं दार उघडं आहे, हे मात्र आईबापानं आधीच सांगून ठेवावं.

पुढच्या वेळी गोव्याला गेलात, तर मडगावजवळ राचोलला जरूर जा. झुआरीच्या काठाला टेकडीवर जुनं चर्च आहे आणि फादर होणाऱ्या मुलांचं सेमिनार आहे. चारशे वर्षांपूर्वी याच गावात ती मराठी ओवी छापली गेली होती, आणि आपली वाट पारखणारी पोरं आजही तिथं शिकताहेत.